पहिल्या दिवसाचा आकडा

माझा स्वभाव संशयी आहे, याबद्दल सासरी सगळ्यांचं एकमत आहे. सासूबाई म्हणायच्या, "हिला देव भेटला तरी ही आधी त्याचं रेशनकार्ड मागेल." मला राग यायचा नाही. एक तर ते खरं होतं, आणि दुसरं म्हणजे त्या स्वभावाचाच मला पगार मिळत होता.

नव्वदच्या दशकात मी कोलशेतला एका रंगाच्या कंपनीत, लॅबमध्ये कामाला होते. रंगाची बॅच तयार झाली की मगभर नमुना आमच्याकडे यायचा. तो किती घट्ट आहे, किती वेळात वाळतो, पत्र्यावर लावला की खालचं काळं किती झाकतो, हे बघून मी आकडे लिहायचे. आकडे बसले की माल डब्यांत भरायचा. नाही बसले तर साहेब मागून म्हणायचे, "परत सॅम्पल काढा, नीट ढवळून." परत काढलं की आकडा थोडा हलायचा, आणखी एकदा काढलं की बसायचा. मग तो बसलेला आकडा लिहायचा आणि आधीचे विसरायचे. कुणी चोरी करत होतं असं नाही. कधीकधी ढवळणं खरोखरच कमी पडलेलं असायचं. पण आमच्याकडे माल कधी नापास होत नाही, सॅम्पल नापास होतं, एवढं मी पहिल्या महिन्यातच शिकले. तेव्हापासून कुठलाही आकडा समोर आला की तो कुणी लिहिला आणि त्याला तो तसाच का हवा होता, हे माझ्या मनात आधी येतं.

माझी लेक आठवा महिना नुकता लागला असताना झाली. डोंबिवलीत पूर्वेला एक छोटंसं प्रसूतिगृह होतं, तिथे, भर दुपारी. ती रडली, पण बिजागरीला तेल नसलेलं दार कुरकुरावं तशी. मग प्रत्येक श्वासाला कण्हायला लागली. मी बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे बघत होते. चेहरा हसरा होता आणि हात भलतेच भराभर चालले होते. "काही घाबरायचं नाही हं, जरा श्वासाचा त्रास आहे, ठाण्याला नेऊ या, तिथे सोय आहे," त्या म्हणाल्या. घाबरायचं नाही असं ज्या गोष्टीबद्दल आवर्जून सांगतात, ती घाबरण्यासारखीच असते.

माझे यजमान आणि नणंद तिला घेऊन निघाले. कापसात गुंडाळलेली, वरून सासूबाईंची जुनी शाल, दोन्ही बाजूंना गरम पाणी भरलेल्या सलाइनच्या बाटल्या. कल्याणच्या पुलावरून भिवंडीच्या रस्त्याने टॅक्सी ठाण्यात माजिवड्याला पोचायची होती, आणि त्या रस्त्यावर ट्रकांची रांग नाही असा दिवस तेव्हा उगवत नसे. बाटल्या वाटेतच गार झाल्या. मला निघताना तिचं एक पाऊल तेवढं दिसलं होतं, माझ्या अंगठ्याएवढं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासरे प्रसूतिगृहात आले. ते देशावरच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर पेपर तपासलेला माणूस. आमच्या शेजाऱ्यांकडे फोन होता, त्यावर यजमानांचा निरोप आला होता, आणि तो घेऊन ते धापा टाकत जिना चढून आले होते.

"बावीस!" ते दारातूनच म्हणाले.

"काय बावीस?"

"मार्क. तिथले डॉक्टर नवीन पद्धतीचे आहेत. बाळांना मार्क देतात, सगळ्या तपासण्या करून. आपल्या बाळाला बावीस. शेजारी एक मुलगा आहे म्हणे चांगला गुटगुटीत, त्याला पाच. फक्त पाच!"

"पैकी किती?" मी विचारलं.

इतकी वर्षं मार्क देऊन घेऊन हा प्रश्न विचारायचा राहिला, याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. मग त्यांनी स्वतःच निकाल लावला. "पंचविसांपैकीच असणार. लेखी तर नाही, तोंडीच म्हणायची ही. तोंडीला पंचविसांवर कोण देतं?"

सासूबाईंनी घरी जाऊन देवापुढे साखर ठेवली आणि ती साखर जिन्यातून खालपर्यंत वाटली. मुलगी झाली म्हणून ज्यांची तोंडं जरा उतरली होती, त्यांनीही ती हात पुढे करून घेतली, असं मला नंतर कळलं. तळमजल्यावरच्या वहिनी तर म्हणाल्या, "हुशार निघणार हो, आजोबांवर गेली." आमच्या इमारतीत जन्मल्या दिवशी पास झालेलं हे पहिलंच मूल.

मी मात्र पलंगावर पडल्या पडल्या विचार करत होते. जिला श्वास घेता येत नाही, जिच्या घशात नळी घालून मशीन लावलंय, तिला बावीस आणि गुटगुटीत पोराला पाच? यात कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. सासूबाई आडव्या आल्या. "ओली बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाही. बाळ तिकडे, तूही तिकडे, दोघींना वारा लागला तर मी कुणाकुणाचं करू?" मी कानात कापसाचे बोळे घातले, डोक्याला स्कार्फ बांधला, पोट आवळलं आणि म्हटलं, "आई, आता वाराच काय तो लागायचा राहिलाय." त्या रडायला लागल्या. मग स्वतःच पिशवीत डिंकाचे लाडू भरून दिले.

हॉस्पिटल एका दुकानांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली टायरचं दुकान. वर गेल्यावर एक लांब बाक, त्याच्या समोर मोठी काच, आणि काचेआड बाळं. यजमानांनी बोट करून दाखवलं तेव्हा मला आधी मशीन दिसलं आणि मग त्याच्या टोकाला लेक दिसली. डोळ्यांवर पट्टी, तोंडात नळी, छाती मशीनच्या ठेक्यावर वरखाली होणारी. खरं सांगते, मला तिची भीती वाटली. माया आली, पण ती जरा वेळाने आली. पहिल्यांदा वाटलं ते हे, की हिच्यावर जीव लावू नये, ही राहणार नाही.

डॉक्टर तिशीच्या आतले होते. मुंबईत शिकून ठाण्याला नव्याने आलेले, सडपातळ, डोळे झोप न झालेल्या माणसाचे. मी सरळ विचारलं, "डॉक्टर, बावीस म्हणजे पैकी किती?"

"मार्क नाहीत हो ते," ते म्हणाले. "बाळ किती आजारी आहे, याचा तो अंदाज आहे. आकडा जितका मोठा, तितकं बाळ जास्त आजारी."

यजमानांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते काचेकडे बघत राहिले. मला रडू यायला हवं होतं, पण आधी जिन्यातून वाटलेली साखर आठवली आणि अंगाची लाही लाही झाली. सगळी इमारत आमच्या पोरीच्या आजारपणाने तोंड गोड करून बसली होती.

"हा आकडा काढता कसा?" मी विचारलं.

त्यांना बरं वाटलं असावं. सहसा कुणी विचारत नसणार. त्यांनी सांगितलं. ब्लडप्रेशर, नाडी, अंगाची ऊब, रक्तातला ऑक्सिजन, लघवी किती झाली, रक्ताच्या आणखी काही तपासण्या. पहिला दिवसभर हे सगळं बघायचं आणि प्रत्येकातलं सगळ्यात वाईट रीडिंग धरायचं. त्या त्या रीडिंगला ठरलेले गुण, त्यांची बेरीज.

"सगळ्यात वाईट?"

"हो."

"आणि नंतर सुधारलं तर?"

"तर फारच चांगलं. पण पहिल्या दिवसाचा आकडा तोच राहतो."

माझ्या डोक्यात घंटा वाजली. आम्ही लॅबमध्ये सगळ्यात चांगलं रीडिंग शोधायचो, कारण आम्हाला माल खपवायचा होता. हा माणूस मुद्दाम सगळ्यात वाईट शोधतोय, म्हणजे याला काय खपवायचंय? उत्तर मला लगेच सुचलं. पोरगी गेली तर हा म्हणणार, बघा, आली तेव्हाच बावीस होती. जगली तर म्हणणार, बघा, बावीसवालीला वाचवली. छापा पडला तरी याचा आणि काटा पडला तरी याचाच. बाकावर येऊन मी यजमानांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अगं, तो बिचारा कालपासून घरी गेलेला नाही." मी म्हटलं, "तेच म्हणते मी. का गेला नाही?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्या पाचवाल्या मुलाची आई बसली होती. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान, हातात हिरवा चुडा, शेजारी तिची सासू, काष्ट्याचं लुगडं आणि अंबाड्यात अबोलीचा गजरा. कोलशेतच्या पलीकडे खाडीकाठच्या गावातली कोळ्यांची माणसं. घरचे पुरुष खाडीत जाळी लावायचे, या दोघी ठाण्याच्या बाजारात मासळी विकायच्या. मुलगा पुऱ्या दिवसांचा होता, वजनदार, पण जन्मल्यापासून अंग तापलेलं आणि दूध ओढेना, म्हणून आणलेला. त्याला मशीन नव्हतं. डोक्यावर प्लास्टिकचा पारदर्शक डबा ठेवून त्यात ऑक्सिजन सोडला होता.

"तुमचे पोरीचा बावीस ना?" सून मला म्हणाली. "आमचा पाचच. कवापास्ना इचार करते, पोर येवढा जाडा, तरी पाचच कसा दिला?"

मी तिला डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. मोठा आकडा वाईट, लहान चांगला. "तुमचा मुलगा बरा आहे. माझ्या पोरीचंच काही खरं नाही," मी म्हटलं. तिने सरकून माझा हात धरला. हात गार होता आणि जड होता, बरं वाटलं.

सासूला मात्र पटलं नाही. "बरा हाय, तं मंग काचंन कशाला ठेवलाय?" ती म्हणाली. मग माझ्याकडे डोळे बारीक करून बघत तिने विचारलं, "तू कामाला कंच्या कंपनीन गो?"

मी कंपनी सांगितली.

"म्हंजे आमचे खाडीचा पानी रंगवता ते तुमीच," ती म्हणाली आणि पाठ फिरवून बसली. मला वाटलं, चला, या बाकावर आपल्या संशयी जातीचं एक माणूस तरी भेटलं.

त्या दिवशी दुपारी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मग मला दुसरं काही सुचेना. त्या खोलीत मशीन एकच होतं. मी आत डोकावून, मान वाकडी करकरून बघितलं, दुसरं नव्हतंच. दूध काढून वाटीत दिलं की सिस्टर आत न्यायच्या आणि नळीने थेंब थेंब द्यायच्या. मी त्यांच्याकडून खात्री करून घेतली. त्या वैतागून म्हणाल्या, "हो बाई, एकच आहे. ठाण्यात सगळ्यांकडे तेवढंही नाही."

एक मशीन आणि दोन बाळं. एक बावीसचं, एक पाचचं. उद्या त्या मुलाला श्वास लागला तर डॉक्टर काय करतील? माझ्या लेखी हिशेब सरळ होता. बावीसवाली जायचीच आहे, पाचवाला जगण्यासारखा आहे. मग तिचं काढा आणि त्याला लावा. दुकानदारही तसंच करेल, नासका आंबा बाजूला काढून चांगला राखेल. तो आकडा याचसाठी काढला होता, याबद्दल मला शंका उरली नाही. बावीस म्हणजे रांगेतलं शेवटचं स्थान, एवढाच त्याचा अर्थ. आणि हे स्थान माझ्या लेकीला कशाने मिळालं, तर भिवंडीच्या रस्त्यावरच्या ट्रकांनी.

कारण तोवर तिच्या पायाशी लावलेला कागद मी काचेतून वाचला होता. अंगाची ऊब या रकान्यात, ती आल्या आल्या घेतलेलं रीडिंग होतं. गार पडलेली. त्याचेच गुण चांगले जड होते. खाली तासाभराने घेतलेलं रीडिंगही होतं, आणि ते व्यवस्थित होतं.

मी डॉक्टरांना गाठलं. "ते गारठ्याचं रीडिंग काढून टाका," मी म्हटलं. "ते तिचं नाहीच. ते टॅक्सीचं आहे. इथे आल्यावर ती गरम झाली ना? मग ते लिहा आणि बेरीज परत करा."

"असं करता येत नाही."

"आमच्याकडे करतात."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"रंगात."

ते हसले आणि मग हसायचे थांबले. कठड्याला टेकून उभे राहिले. "बाई, मी नंतरचं चांगलं रीडिंग लिहायला लागलो, तर माझ्याकडे सगळी बाळं बरीच येतात असं दिसेल. मग त्यातलं एखादं गेलं की मला कळणारच नाही, ते मुळातच फार आजारी होतं की माझं काही चुकलं. वाईटच लिहायचं, म्हणजे मला माझ्याशी खोटं बोलता येत नाही. हा आकडा तुमच्या मुलीसाठी नाहीच. तो आमच्यासाठी आहे."

बोलणं पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच मला ते तयार ठेवलेलं वाटलं. आमचे साहेबही गिऱ्हाइकाला असंच पटण्यासारखं सांगायचे.

"मशीन कुणाला लावायचं ते हा आकडा बघून ठरवता ना?"

"नाही. आकड्याचा आणि मशीनचा काही संबंध नाही. तिला गरज होती, मशीन मोकळं होतं, लावलं."

"आणि उद्या त्या मुलाला गरज पडली तर?"

"पडू नये," ते म्हणाले आणि आत गेले.

बाकावर दोघी सासवासुना आमचं सगळं बोलणं ऐकत होत्या. मी भांडले होते तेही मोठ्याने, कानात बोळे असल्यामुळे असेल. कमी करा, कमी करा, असं मी त्या माणसाला एखाद्या भाजीवाल्यासारखं म्हणत होते.

मग मी पहाराच लावला. घरी जायला तयार नव्हते, खाली टायरच्या दुकानाशेजारच्या खानावळीत जेवायलाही जाईना. यजमान डबा आणायचे, तो मी काचेसमोर उभी राहून खायचे. आत कुणी मशीनजवळ गेलं की काचेवर टकटक करायचे. सिस्टर डोळे वटारायच्या. त्यांच्यातली एक दुसरीला म्हणाली, "ही बाई आपल्याला पाण्यात बघते." मी ऐकलं आणि म्हटलं, बघते तर बघते. शुद्ध भीती होती ती, पण तिला मी भीती म्हणत नव्हते, लक्ष ठेवणं म्हणत होते. नजर हटली की माझी पोर नापास सॅम्पलसारखी ओतून देतील, असं मला खरोखर वाटत होतं.

त्या मुलाचं अंग मात्र अधिक तापायला लागलं. त्याचा लालबुंद रंग जाऊन राखेसारखा झाला. त्याची आई सारखी उठून काचेपाशी यायची. एकदा तिने मला विचारलं, "पाच म्हंजे चांगलाच ना गो?" मी म्हटलं, "हो, चांगलाच." सासू गजरा सोडून हातात घेऊन बसली होती आणि एकेक फूल चुरडत होती. रक्तात जंतू पसरलेत, असं डॉक्टर त्यांना समजावत होते.

पुढच्या सकाळी मी तोंड धुवायला गेले आणि परत आले, तर माझ्या लेकीच्या तोंडातली नळी काढलेली होती. मशीन तिच्यापाशी नव्हतं. ते दोन पावलं सरकवून मुलापाशी नेलं होतं आणि डॉक्टर पाठमोरे वाकून त्याला नळी घालत होते.

मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. दार ढकलून चपलांसकट आत शिरले एवढं आठवतं. चोर म्हणाले, खुनी म्हणाले. माझ्या पोरीचं काढून त्याला दिलंत, बावीस बघून काढलंत, असं ओरडले. सिस्टरनी मला धरून ठेवलं. डॉक्टरांनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही, हातातलं काम संपवलं, मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, आणि मग म्हणाले, "तिच्याकडे बघा आधी."

मी बघितलं. ती श्वास घेत होती. मशीन नव्हतं, तरी छाती वरखाली होत होती; जरा घाईघाईने, मध्येच थांबत, पण आपली आपण. तिच्या डोक्यावर आता तो पारदर्शक डबा होता, मुलाचाच. आणि नळी निघाल्यामुळे आवाज फुटला होता. तेच कुरकुरणं.

"ती कालपासून मशीनच्या ठेक्यापेक्षा जास्त, स्वतःचे श्वास घेत होती," डॉक्टर म्हणाले. "आज काढायचंच होतं."

आज म्हणजे आज सकाळीच काढायचं होतं की संध्याकाळी? तो मुलगा आजारी पडला नसता तरीही इतक्या लवकर काढलं असतं? मी तेव्हा विचारलं. ते म्हणाले, "तिची तयारी झाली होती." माझी लेक आज माझ्याहून उंच आहे आणि माझ्याहून जास्त भांडते. तरी तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. त्या माणसाने योग्य केलं की जुगार खेळला आणि आमच्या नशिबाने जिंकला, हे मला माहीत नाही. माहीत व्हायचा काही मार्गही नाही. त्या सकाळी मला एवढंच कळत होतं की ती श्वास घेतेय, आणि मी तिच्या पेटीपाशी बसून हमसून हमसून रडले. इतक्या वेळात पहिल्यांदाच. सिस्टरनी मला बसू दिलं, चपला तेवढ्या काढायला लावल्या.

मुलगा त्याच दिवशी दुपारी गेला. मशीन चालूच होतं. त्याची छाती ठेक्यात वरखाली होत होती, म्हणून बाहेरून कुणाला कळलं नाही. डॉक्टरांनी येऊन सांगितलं तेव्हा सासूने मोठ्याने हंबरडा फोडला. सून उठली, काचेपाशी गेली आणि बराच वेळ उभी राहिली. आत सिस्टर नळ्या सोडवत होत्या. पायाशी लावलेला कागद अजून तसाच होता आणि त्यावर पाच लिहिलेले होते.

त्यांचे पुरुष गावाहून यायचे होते. तोवर मी तिच्याजवळ जाऊन बसले. माझी पोर आत कुरकुरत होती आणि तो आवाज बाहेर येऊ नये असं मला वाटत होतं.

तिनेच तोंड उघडलं. काचेकडे बघतच बोलली, माझ्याकडे नाही.

"तुमी नंबर कमी करायला भांडत व्हत्या," ती म्हणाली. "मी आयकत व्हते. मना तवा कललाच नाय. मी पन भांडायला पायजे व्हता गो. जरा मोठा लिवा सांगायला पायजे व्हता. धा लिवा, पंद्रा लिवा. ज्याचा नंबर मोठा, त्याला मशीन. आमाला आदीच भेटली असती, नाय?"

सासूने रडणं थांबवून माझ्याकडे बघितलं.

मी तिला म्हटलं, "नाही गं. आकड्याचा आणि मशीनचा काही संबंध नाही. माझी आधी आली आणि मशीन मोकळं होतं, एवढंच." आवाज शांत ठेवून, समजावून सांगितलं. तिचा हातही धरला.

तिने हात सोडवून घेतला. आणि मी डॉक्टरांकडे जशी बघत आले होते, तशी ती माझ्याकडे बघायला लागली.